बुडवून काढला म्हणजे बरा झाला?

घरी प्रवाळांची टाकी ठेवणाऱ्यांत महाकाय शिंपल्याबद्दल एक तयार सल्ला फिरत असतो. शिंपला आणा, वर झगझगीत दिवा टांगा, म्हणजे त्याच्या पोटाची सोय झाली. मलूल दिसला तर अर्धा तास गोड्या पाण्यात बुडवून काढा. कवचावर पांढरे बारके शंख दिसले तर रास (wrasse) जातीचा एक मासा सोडा, तो वेचून खाईल. एवढं करूनही शिंपला गेलाच, तर तो परजीवी घेऊनच आला होता, आपल्या हातात काही नव्हतं. विकणारा हे सांगतो, वर्षानुवर्षं टाक्या सांभाळलेले लोकही सांगतात, आणि नवखा माणूस ते ब्रह्मवाक्य समजून पाकीट उघडतो.

या सल्ल्यातला एकेक तुकडा कुठे ना कुठे खरा ठरलेला आहे. साफ खोटा असता तर तो इतका टिकला नसता. माझा आक्षेप त्यामागच्या समजुतीला आहे. शिंपला आजारी पडतो आणि मग आपण त्याला बरं करतो, अशी ती समजूत. कुत्र्यामांजरांच्या बाबतीत ती ठीक. महाकाय, म्हणजे ट्रायडॅक्ना कुळातल्या शिंपल्याला बरं करण्याची साधनं आपल्याकडे जवळजवळ नाहीत. जे काही करता येतं ते तो मुख्य टाकीत उतरण्याआधीच्या काही आठवड्यांत. तो काळ वाया घालवून नंतर केलेली धावपळ बहुतेक वेळा मालकाच्या समाधानासाठी असते, शिंपल्याच्या नव्हे.

आधी दिव्याचं बघू. शिंपल्याच्या उघड्या कवचातून बाहेर पसरलेली ती निळी-हिरवी, ठिपक्याठिपक्यांची झालर म्हणजे त्याचा प्रावार. त्यात सूक्ष्म शैवाल राहतं. प्रवाळात ते पेशींच्या आत असतं. शिंपल्यात मात्र ते जठरापासून निघून प्रावारभर फांद्या फुटलेल्या बारीक नळ्यांत असतं. क्वीन्सलंडच्या नॉर्टन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये या नळ्यांचं जाळं नीट उलगडून दाखवलं. झालरीची झळाळी ज्या पेशींमुळे येते त्या प्रकाश नुसता परत फेकत नाहीत. उपयोगी रंगाचा प्रकाश पसरवून त्या खोलवरच्या शैवालापर्यंत पोचवतात, हे पलाऊमधल्या शिंपल्यांवर काम करणाऱ्या ॲलिसन स्वीनी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलं. इतकी सुंदर व्यवस्था पाहिल्यावर हा प्राणी उन्हावरच जगतो, असं कुणालाही वाटेल.

पण तेवढ्यावर भागत नाही. क्लम्प, बेन आणि हॉकिन्स यांनी ट्रायडॅक्ना गिगास या सर्वांत मोठ्या जातीचा हिशेब १९९२ मध्येच मांडला होता. अगदी लहान शिंपले श्वसनाला आणि वाढीला लागणाऱ्या कार्बनपैकी सुमारे ६५ टक्के पाणी गाळून मिळवतात. मोठ्यांमध्ये हा वाटा ३४ टक्क्यांवर येतो. इतर जातींत प्रमाण बदलतं. तरीही दुकानात विकायला येतो तो बोटभर लांबीचा, म्हणजे तुलनेनं लहान जीव, आणि त्यालाच आपण सांगतो की तुला दिवा पुरे.

हे आकडे हातात आले की लगेच दुसरं टोक गाठणारेही आहेत. हिरव्या शैवालाची बाटली आणून रोज टाकीत ओतायची. निम्मं गाळणीत, स्किमरमध्ये जातं, उरलेलं तळाला कुजतं. मला दोन्ही टोकं मान्य नाहीत. शिंपला आणि त्याच्यातलं शैवाल पाण्यातला अमोनियम आणि नायट्रेट थेट शोषून घेतात. पलाऊच्या शिंपला-संवर्धन केंद्रात पिल्लांच्या हौदांत नत्र मुद्दाम घालून पाहिलं तेव्हा वाढ सुधारली. मासे नीट खाऊपिऊ घातलेली आणि चाचणीत थोडं नायट्रेट दिसणारी टाकी शिंपल्याला मानवते ती यामुळे. उलट, पाण्यातला नत्राचा कणन् कण उपसून 'शून्य नायट्रेट' म्हणून मिरवणारी टाकी हे शिंपल्याचं उपासमारीचं घर. तिथे त्याची झालर हळूहळू फिकी पडते, आखडते, कवचाच्या काठावरची वाढीची ताजी पांढरी किनार दिसेनाशी होते. मग मालक निदान करतो, परजीवी. आणि भुकेल्या प्राण्याला गोड्या पाण्यात बुडवतो.

आता खऱ्या परजीवींकडे येतो. ते आहेत, मी ते नाकारत नाही. सर्वांत जास्त उपद्रव करणारा म्हणजे पिरॅमिडेलिड कुळातला शंख. तांदळाच्या कणीएवढा, पांढरा, लांबट, टोकाकडे निमुळता. बहुतेक गोगलगायी कानशीसारख्या जिभेनं खरवडून खातात. याला तसली जीभच नाही. लांब सोंड बाहेर काढायची, तिच्या टोकाच्या सुईसारख्या काट्यानं झालरीची कड किंवा तळाच्या फटीतलं मांस भोसकायचं आणि शरीरद्रव ओढून घ्यायचा. दिवसा हे शंख शिंपल्याच्या बुडाशी, जिथून तो चिकट तंतू सोडून खडकाला धरतो त्या फटीभोवती दडून बसतात. दिवे गेले की वर चढतात. अंडी पारदर्शक जेलीच्या थेंबांत, कवचाच्या वळ्यांत, खवल्यांसारख्या पदरांच्या आड. प्रत्येक शंख नर आणि मादी दोन्ही असल्यामुळे वंश वाढवायला दोन शंख पुरतात. मोठा शिंपला दहा-पंधरा शंख सहज पेलतो. लहान शिंपल्यावर शेकड्यांनी जमले की तो दिवसाही झालर नीट पसरत नाही, आणि एके सकाळी आ वासून पडलेला सापडतो.

समुद्रात हे शंख असतातच, पण तिथे त्यांना खाणारे रास मासे, खेकडे आणि इतर भक्षक रोज फिरतात, त्यामुळे संख्या आटोक्यात राहते. माजतात ते संवर्धनाच्या हौदांत. तिथे भक्षक नसतो आणि यजमान मात्र हजारोंनी, एकमेकांना खेटून असतो. म्हणून 'शेतातला शिंपला आहे, जंगली नाही, म्हणजे स्वच्छच' हे विक्रेत्यांचं आवडतं वाक्य मला पटत नाही. शेतातला शिंपला घ्यावा हे खरं, पण तो समुद्र ओरबाडून आणलेला नसतो म्हणून. शंखांच्या बाबतीत शेत हीच जोखमीची जागा.

समुद्रातून काढलेल्या शिंपल्याबरोबर येणारा पाहुणा वेगळा. सायमेटियम म्युरिसिनम हा शंख तर चोरच. त्याचं पिल्लू पाण्यातून तरंगत येतं, लहान शिंपल्याशी मुक्काम ठोकतं आणि आतून त्याला फस्त करत मोठं होतं. पलाऊमध्ये पेरॉन, हेस्लिंगा आणि फागोलिमुल यांनी १९८५ मध्ये त्याची नोंद केली. खुल्या समुद्रातल्या पिंजऱ्यांत शिंपले वाढवणाऱ्यांना त्याचा धाक आजही आहे. दोन कवचांच्या फटीत हा सापडला तर चिमट्यानं काढून फेकायचा, दुसरं काही नाही. मात्र शिंपल्याच्या पोकळीत एखादा इवलासा खेकडा किंवा झिंगा दिसला म्हणून त्यालाही ओढू नका. त्यातले बरेच निरुपद्रवी भाडेकरू असतात.

मग रास मासा सोडला तर काय बिघडलं? बिघडलं काही नाही, पण घडतंही फारसं काही नाही. सहा रेघांचा रास आणि पिवळा हॅलिकोरेस खरोखर हे शंख खातात. दुकानदाराचं वाक्य इथपर्यंत खरं. आता घड्याळ बघा. पिवळा हॅलिकोरेस दिवे मावळले की वाळूत शिरून झोपतो, सहा रेघांचा रास खडकाच्या कपारीत चिकट द्रवाचं पांघरूण करून निजतो. शंख बाहेर पडतात ते त्यानंतर. दिवसा मासा जागा असतो तेव्हा शंख शिंपल्याच्या बुडाखाली, जिथे माशाचं तोंड पोचत नाही तिथे. वाळूवर ठेवलेल्या शिंपल्याचं बूड तर वाळूतच रुतलेलं. मासा कवचाच्या वरच्या बाजूला भरकटलेले शंख टिपतो आणि मालकाला वाटतं सफाई झाली. चार महिन्यांनी शिंपला उलटून पाहिला तर खाली पुरी वसाहत. शिवाय सहा रेघांचा रास वयात आला की टाकीतल्या गरीब माशांचं जगणं मुश्किल करतो, हे विकताना कोणी सांगत नाही. रास हा मदतनीस आहे. त्याच्यावर कारभार सोपवता येत नाही.

गोड्या पाण्याची बुडी हा या सल्ल्याचा सर्वांत लाडका भाग, म्हणून त्यावर थोडं थांबतो. ही युक्ती आली ती झालर चिमटल्यासारखी दिसणाऱ्या एका व्याधीवरून. प्रावाराची कड ठिकठिकाणी आत ओढली जाते, पूर्ण पसरत नाही. एखादा एकपेशीय जीव त्याला कारण असावा असा छंदी लोकांचा समज झाला आणि कुणीतरी मीठ काढलेल्या, तापमान आणि सामू जुळवलेल्या पाण्यात शिंपला वीस-तीस मिनिटं ठेवून पाहिला. काही शिंपले सुधारले. एवढंच. त्या एका लक्षणापुरती, दुसरा मार्ग उरला नाही तेव्हा ही बुडी द्यायला माझी हरकत नाही.

पण आता ती प्रत्येक नव्या शिंपल्याला मुंजीच्या आंघोळीसारखी दिली जाते. तिचा परिणाम नीट समजून घ्या. खाऱ्या पाण्यातला प्राणी गोड्या पाण्यात पडला की पाणी त्याच्या ऊतींत शिरू लागतं. म्हणून तो कवच गच्च मिटतो. ट्रायडॅक्ना क्रोसिया आणि मॅक्झिमा यांच्या तळाची फट मात्र मोठी असते, ती मिटल्यानंतरही बरीच उघडी राहते, आणि पाणी शिरायचं ते तिथून शिरतंच. प्रवासानं थकलेल्या, दोन दिवस पिशवीत काढलेल्या जिवाला हा दुसरा धक्का. आणि शंख? त्यांना झाकण असतं, ते आत ओढून घेऊन दार लावून बसतात. अंडी जेलीच्या थेंबात सुरक्षित. म्हणजे ज्याच्यासाठी ही शिक्षा ठरवली तो सुटण्याची शक्यता जास्त आणि यजमानानं ती पुरती भोगायची.

एकपेशीय परजीवींचं निदान डोळ्यानं करता येतं, हा दुसरा भ्रम. १९८५ मध्ये ग्रेट बॅरियर रीफवरच्या लिझार्ड बेटाभोवती महाकाय शिंपले मोठ्या संख्येनं मेले. शास्त्रज्ञांनी शोध घेतला, पर्किन्सस नावाचा एकपेशीय परजीवी सापडला. पण तो त्या भागातल्या धडधाकट मृदुकाय प्राण्यांतही सापडत होता. सूक्ष्मदर्शक आणि प्रयोगशाळा हाताशी असलेल्यांनी जिथे हात राखून लिहिलं, तिथे आपण काचेबाहेर उभं राहून 'प्रोटोझोआ आहे' म्हणतो आणि औषध शोधायला निघतो. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर चालणारं तांबं तर टाकीत जाताच कामा नये. शिंपल्यालाच नव्हे, टाकीतल्या प्रवाळांना, झिंग्यांना, शंखांना सगळ्यांना ते मारतं.

या सगळ्या गोंधळात निरपराधांवर खटले चालतात ते वेगळेच. मेलेल्या शिंपल्यात सकाळी काटेरी गांडूळ सापडला म्हणून त्याला खुनी ठरवतात. कोकणातल्या कुठल्याही घरात तिसऱ्या निवडणाऱ्या बाईला विचारा. जिवंत तिसरी बोट लावताच मिटते. मिटत नाही ती आधीच मेलेली, ती टाकून द्यायची. शिंपल्याचं कवच मिटवणारा स्नायू ढिला पडला की कवच आपोआप उघडं राहतं आणि आतलं मांस कोणालाही मोकळं होतं. गांडूळ, नॅसेरियस शंख, तळाचे छोटे झिंगेसदृश जीव येतात ते त्यानंतर, तेराव्याच्या जेवणाला. काचेवर फिरणारे गोल, पांढरे, टाचणीच्या डोक्याएवढे कोलोनिस्टा शंखही याच घबराटीत चिरडले जातात. ते खडकावरचं शेवाळ खातात. पिरॅमिडेलिड लांबट असतो आणि शिंपल्यावर असतो. दोघांत गल्लत करायची काही गरज नाही.

खरे मारेकरी बहुतेक वेळा टाकीच्या मालकानं स्वतः पैसे मोजून आणलेले असतात. सेंट्रोपायगी जातीचा बुटका एंजल मासा दिवसभर झालरीचे लचके तोडतो आणि ती मिटली की मालक परजीवी शोधतो. अंधाऱ्या दुकानातून आलेला शिंपला पहिल्याच दिवशी दिव्याच्या तोंडाशी ठेवला की त्यातलं शैवाल भाजतं. अल्कलिनिटी आठवड्याभरात वरखाली झाली, कॅल्शियम ४०० पीपीएमच्या खाली बराच काळ राहिलं, तर कवच बांधणारा प्राणी थांबतो. आणि सर्वांत दुखावणारी चूक म्हणजे खडकाला धरलेला शिंपला हातानं ओढून काढणं. तंतू तुटतात ते मुळासकट, तंतू स्रवणाऱ्या ग्रंथीचा लचका निघतो, आणि तिथून सुरू झालेला संसर्ग आठवड्याभरात जीव घेतो. धारदार पात्यानं तंतू खडकाच्या बाजूला कापता येतात. त्याहून सोपं म्हणजे आधीच शिंपल्याखाली फरशीचा एक तुकडा ठेवणं. तो त्या तुकड्याला धरतो, हलवायचा झाला तर तुकड्यासकट हलतो.

मग करायचं काय? वेगळी छोटी टाकी, त्यात पुरेसा दिवा, किमान सहा आठवडे. आठवड्यातून एकदा शिंपला फरशीसकट त्याच टाकीच्या पाण्यानं भरलेल्या भांड्यात घ्यायचा, मऊ दातब्रशनं कवच घासायचं, वळ्यांतली जेली दात कोरायच्या काडीनं खरवडायची, बुडाच्या फटीभोवती सांभाळून, आतल्या मांसाला न लावता. भांड्यातलं पाणी फेकून द्यायचं. परत ठेवताना पाण्यात हळूच कलता करून अडकलेली हवा बाहेर पडू द्यायची. रात्री दिवे गेल्यावर तासाभरानं टॉर्च मारून पाहायचं. शंख दिसला की हातानं काढायचा, आणि मोजणी पुन्हा पहिल्या आठवड्यापासून. डेरासा जातीचं कवच गुळगुळीत, काम सोपं. स्क्वामोसाचे पदर सुंदर, पण प्रत्येक पदराआड डोकवावं लागतं. यात चमत्कार काही नाही, म्हणूनच बहुधा हे कोणी सांगत नाही.

याविरुद्ध एक आक्षेप मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. जाणकार म्हणतात, वेगळ्या टाकीत शिंपला खंगतो. तिथला मिणमिणता दिवा, अस्थिर पाणी, त्यापेक्षा सरळ मोठ्या टाकीत टाकलेला बरा. माशांसाठी ठेवलेल्या रिकाम्या, अंधाऱ्या, अधूनमधून तांब्याचं औषध घातलेल्या टाकीबद्दल ते म्हणत असतील तर त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे. तसल्या टाकीत शिंपला ठेवणं म्हणजे त्याला तिथे मरायला पाठवणं. पण यावरून निष्कर्ष निघतो तो विलगीकरणाची टाकी चांगली करायचा. मुख्य टाकीचंच पाणी वापरा, मुख्य टाकीइतकाच दिवा लावा, पाणी हलतं ठेवा. खर्च येतो. शिंपल्याच्या किमतीपुढे तो मोठा नाही, आणि मुख्य टाकीत आधीपासून दोन शिंपले असतील तर अजिबातच नाही. एकदा त्या टाकीत पिरॅमिडेलिड शिरला की प्रत्येक शिंपला दर आठवड्याला बाहेर काढून घासायचा असतो, आणि एव्हाना ते सगळे खडकाला घट्ट चिकटलेले असतात.

पुण्या-मुंबईतल्या वाचकांसाठी मात्र ही सगळी चर्चा वाचण्यापुरतीच. लक्षद्वीप आणि अंदमानच्या प्रवाळांत हे शिंपले राहतात. ट्रायडॅक्ना मॅक्झिमा, स्क्वामोसा आणि हिप्पोपस हिप्पोपस यांना २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या रांगेत, घातलं गेलं. १९८५ पासून सगळं कुळ साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे देशादेशांतला व्यापार परवान्याशिवाय होत नाही. इथल्या एखाद्या दुकानात कोणी 'माल आहे, बाहेर बोलू नका' म्हणत शिंपला दाखवला तर तिथून निघून यावं. सिंगापूर किंवा न्यू जर्सीत टाकी ठेवणाऱ्या मराठी माणसाला हा छंद कायद्यात राहून करता येतो, पण तिथेही कागद मागायची सवय हवी. आय.यू.सी.एन. या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेनं ट्रायडॅक्ना गिगासला २०२४ मध्ये अतिसंकटग्रस्त ठरवलं. त्याच वर्षी अमेरिकेत महाकाय शिंपल्यांच्या अनेक जातींना संकटग्रस्त प्रजाती कायद्याखाली आणण्याचा प्रस्ताव निघाला आणि छंदी मंडळींत मोठी ओरड झाली. ओरड करणाऱ्यांचं म्हणणं असं की शेतातल्या शिंपल्यामुळे समुद्रातल्यावरचा ताण कमी होतो. मला ते तत्त्वतः मान्य आहे. पण शेतातून आणलेला शिंपला वर्षभरात मरून पुन्हा नवा आणावा लागत असेल, तर हा युक्तिवाद आपण कोणत्या तोंडानं करतो?

विक्रेते यावर म्हणतील, सहा आठवडे माल अडकवून ठेवला, घासून-पुसून दिला, तर भाव वाढेल आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. काही जाईल. पण खरेदीच्या वेळी शिंपल्यावर हाताची सावली टाकून झालर झटकन आखडते का पाहणारं, कवचाच्या काठाला नवी पांढरी वाढ आहे का शोधणारं, आणि 'उलटून बूड दाखवा' म्हणणारं गिऱ्हाईकही आहे. ते दुकानात आल्यावर बूड दाखवायला जो कचरतो, त्याच्याकडून शिंपला घेऊ नये, आणि त्यानं सोबत फुकट दिलेला रास मासाही नको.